मूठ मिटेपर्यंत

"काकू, सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?"

डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा आईने तास-मिनिटं सांगितली नाहीत. ती म्हणाली, "साडेपाचला उठते. रेडिओवरच्या सात-दहाच्या प्रादेशिक बातम्या संपल्या की मूठ मिटते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आईचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि बोटांच्या मुळाचे सांधे एकेक करून चिमटीत हलकेच दाबले. तर्जनीपाशी आईने डोळे घट्ट मिटले. मधल्या बोटापाशी हात ओढून घेतला. मग डावा हात. तिथेही तेच, त्याच बोटांना, त्याच जागी. नखांजवळचे टोकाचे सांधे दाबले तेव्हा मात्र तिला काहीच झालं नाही. "हे किती दिवसांपासून?" मी म्हणाले, "दोन वर्षं झाली असतील." आई म्हणाली, "तीन."

मी तिच्याकडे बघत राहिले. ते तिसरं वर्ष मला माहीतच नव्हतं.

२०१८ सालची ही गोष्ट. तोवर आमच्या घरात आईच्या दुखण्याला एकच नाव होतं: वात. बार्शीच्या घरी शेजारपाजारच्या प्रत्येक बाईला वात होता. कुणाचा गुडघ्यात, कुणाचा कमरेत, कुणाचा खांद्यात. आईचा हातात होता एवढंच. वातावर करायच्या गोष्टीही ठरलेल्या. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधणं, रात्री दही नाही, हरभऱ्याची डाळ नाही, वांगं नाही. जास्तच ठणकलं तर मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी. आईने सगळं मनापासून केलं. तीन वर्षं केलं. आणि त्या तीन वर्षांत तिच्या बोटांच्या सांध्यांत नेमकं काय चाललं होतं हे आम्हा शिकल्यासवरल्या मुलांपैकी एकानेही विचारलं नाही.

आता मागे वळून बघते तेव्हा खुणा दिसतात. माझी मुलगी २०१६ साली बार्शीत जन्मली. त्याआधी ताईच्या दोन्ही मुलांना आईने स्वतः न्हाऊ घातलं होतं. न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसायची, नडग्यांवर बाळ पालथं घ्यायची, आणि तिचे हात तेलाने असे चालायचे की रडणारं बाळ मध्येच गप्प होऊन ऐकत राहायचं. माझ्या वेळी मात्र ती म्हणाली, "या खेपेला बाई लावू." मला वाटलं, अठ्ठावन्न वर्षांची झाली, दमत असेल. टाळू भरण्याचं काम तेवढं तिने स्वतःकडे ठेवलं. कोमट खोबरेल तेल पसरलेल्या तळहातावर घ्यायची आणि सपाट तळव्याने हळूहळू थोपटून जिरवायची. ताईच्या मुलांची टाळू ती तीन बोटांनी भरायची, हे मला तेव्हा आठवलं नाही. बोटं वाकत नव्हती म्हणून ती तळवा वापरत होती.

त्या मऊ टाळूखाली ठोका उडताना दिसायचा. बाळाच्या कवटीची हाडं जन्मताना एकमेकांशी पक्की जोडलेली नसतात. म्हणूनच तर जन्माच्या अरुंद वाटेतून येताना ती एकमेकांवर किंचित सरकू शकतात. पुढची टाळू दीडेक वर्षाची होईपर्यंत भरून येते आणि हाडांच्या कडा पुढे नागमोडी दातऱ्यांनी एकमेकींत गुंतत जातात. मोठ्या माणसाच्या कवटीचं चित्र बघितलं तर फाटलेल्या कापडाला बारीक टाके घालून रफू केल्यासारखी ती रेघ दिसते. हाही सांधाच. न हलणारा सांधा. आपण सांधा म्हटलं की गुडघा, कोपर डोळ्यांपुढे आणतो. पण दोन हाडं जिथे भेटतात ती प्रत्येक जागा सांधा असते, मग ती हलो वा न हलो.

त्या रेघेला सुश्रुताने नाव दिलंय तुन्नसेवनी. तुन्न म्हणजे फाटलेलं, सेवनी म्हणजे शिवण. आईचं निदान झाल्यावर मी हाताला लागेल ते वाचत सुटले होते, त्यात सुश्रुतसंहितेचं शारीरस्थान हाती आलं. पाचव्या अध्यायात सांध्यांची मोजदाद आहे. एकूण २१०: हातापायांत ६८, धडात ५९, मानेपासून वर ८३. त्यांचे आधी दोन भाग, हलणारे आणि स्थिर. मग आठ प्रकार. आणि त्या आठ प्रकारांची नावं वाचताना मला एखाद्या वैद्याच्या ग्रंथापेक्षा आजीच्या माजघरात आल्यासारखं वाटलं. काखेतला आणि जांघेतला सांधा 'उलूखल', म्हणजे आपलं उखळ. खोलगट उखळात मुसळाचं गोल टोक जसं सगळ्या दिशांना फिरतं तसा मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खळग्यात फिरतो. दातही त्याने उलूखलातच घातलेत, कारण तेही खळग्यात रोवलेले. आजच्या शरीरशास्त्रातही दात आणि जबडा यांच्या जोडाला सांधाच म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मानेचे आणि पाठीचे मणके 'प्रतर', म्हणजे तराफा, एकावर एक तरंगणारे. 'समुद्ग' म्हणजे झाकणाची डबी. जबड्याचा 'वायसतुंड', कावळ्याची चोच. बोटं, मनगट, कोपर, गुडघा, घोटा हे सगळे 'कोर', म्हणजे आपण ज्यांना बिजागरीचे सांधे म्हणतो ते. मंडल आणि शंखावर्त हे उरलेले दोन, घशा-कानातले; त्यांना आज कुणी सांधे म्हणणार नाही.

आजचं वर्गीकरण अधिक नेमकं आहे हे उघड आहे. मनगट आणि कोपर एका जातीचे नाहीत, खांदा आणि खुबा मात्र आहेत. पण आजूबाजूच्या वस्तूंकडे बघून शरीर समजून घेण्याची ती रीत मला फार जवळची वाटली. आजही शरीरशास्त्राची पुस्तकं तेच करतात. कोपराला बिजागरी म्हणतात आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याला खोगीर. दोन्ही हाडांचे पृष्ठभाग घोड्याच्या खोगिरासारखे, एकमेकांवर आडवे बसलेले. त्यामुळे अंगठा पुढे-मागे होतो, आत-बाहेर होतो आणि वळून प्रत्येक बोटाच्या टोकाला भेटतो. वात वळायची, मोदकाच्या पाकळ्या आवळायच्या, सुईत दोरा ओवायचा, चिमूटभर मीठ घ्यायचं, हे सगळं त्या खोगिरावर बसून होतं. आईने किती चातुर्मासांत किती हजार वाती वळल्या असतील याचा हिशेब नाही.

सुश्रुताच्याच ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे, ती मी आईला वाचून दाखवली. गाडीच्या आसाला तेल घातलं की चाक जसं नीट फिरतं, तसे श्लेष्म्याने माखलेले सांधे नीट चालतात. आई लगेच म्हणाली, "म्हणजे वंगण." तिच्या वडिलांची बैलगाडी होती. वंगण संपलेल्या चाकाचा आवाज कसा असतो हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

सांध्यातलं हे वंगण खरोखरच असतं. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या युरोपीय वैद्याने त्याला 'सायनोव्हिया' हे नाव दिलं. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तो बुळबुळीत, ताणला की तार धरणारा द्रव. निरोगी गुडघ्यातही तो जेमतेम चमचाभर. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि या द्रवाने माखलेली कूर्चा कूर्चेवर बर्फावर बर्फ घसरतो त्याहूनही सहज घसरते. आणि मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते या कूर्चेने. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. संवेदना पोहोचवणाऱ्या नसाही नसतात. शरीराच्या बाकी भागांना रक्त घरपोच अन्न देतं. कूर्चेला मात्र ते सांध्यातल्या द्रवातूनच शोषून घ्यावं लागतं. पाऊल टाकलं की ती दाबली जाते, उचललं की फुगते, आणि या दाबण्या-फुगण्यातून, ओला फडका पिळावा आणि पुन्हा पाण्यात सोडावा तसा, तिच्यात द्रव ये-जा करतो. हालचाल थांबली की तिचं पोषण थांबत जातं. म्हणून दुखणारा हात गळ्यात बांधून महिनोन्महिने स्वस्थ ठेवणं त्या हाताला मानवत नाही. आणि नसा नसल्यामुळे ती झिजताना ओरडत नाही. ओरडतात ते शेजारी: कूर्चेखालचं हाड, सांध्याभोवतीची पिशवी, आतलं अस्तर. कळ येऊ लागते तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

आमच्या आत्याच्या गुडघ्यांचं तेच झालं. तिची होती ती झीज, वयाबरोबर आणि वजनाबरोबर येणारी. सकाळी उठल्यावर तिचेही गुडघे धरायचे, पण चूळ भरून, चहा ठेवेपर्यंत सुटायचे. दिवसभर कामात असली की संध्याकाळी मात्र कळ. २००० सालच्या ऑक्टोबरमध्ये अटलबिहारी वाजपेयींच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये उजव्या. पंतप्रधान नव्या गुडघ्यांनी चालताना टीव्हीवर दिसले आणि 'गुडघा बदलणं' हा शब्द आमच्यासारख्या घरांत बोलला जाऊ लागला. आत्याने मात्र सतरा वर्षं काढली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, त्यानंतर तिने तो निर्णय घेतला. आता ती देवळाच्या पायऱ्या चढते. मांडी घालून पंगतीला बसता येत नाही, याचं तिला अजून वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं खरं आहे. जिचं अर्धं आयुष्य जमिनीवर गेलं, विळीवर, पाटावर, जात्यापाशी, तिला खुर्ची म्हणजे पाहुण्यासारखं बसणं.

पण आईचं दुखणं आत्याच्या जातीचं नव्हतं, आणि नेमकं हेच आम्हाला कळलं नाही. दोघींनाही आम्ही 'वात' म्हणत होतो.

आईचं स्वतःचं एक वेगळंच स्पष्टीकरण होतं. तिला वाटायचं, हा जुना ताप उमळतोय. बहात्तरचा दुष्काळ संपता संपता, १९७३ साली, बार्शीत तापाची मोठी साथ आली होती. आई तेव्हा पंधरा वर्षांची. ती सांगते, आधी सणकून ताप, मग अंगावर पुरळ, आणि ताप उतरल्यावरही माणसं सरळ उभी राहत नव्हती. भिंतीला धरून चालायची. तरण्या बायकांना हंडा उचलवेना. तिलाही आला होता आणि तिचे घोटे महिनाभर सुजलेले होते. ती साथ चिकनगुनियाची होती. बार्शीच्या त्या साथीची तेव्हा शास्त्रीय पाहणीही झाली. त्यानंतर हा आजार देशातून जणू गायब झाला आणि २००५-०६ मध्ये परत आला तेव्हा मराठवाड्यापासून मालेगावपर्यंत लोकांनी तो पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा पाहिला. बार्शीतल्या म्हाताऱ्यांनी मात्र ओळखला. चिकनगुनिया हा शब्द टांझानियातल्या माकोंडे लोकांच्या भाषेतला आहे. १९५२-५३ च्या सुमारास तिथे हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला. त्याचा अर्थ होतो वाकवून टाकणारा. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरोबर नाव ठेवलंय."

चिकनगुनियानंतर सांधे महिनोन्महिने, कधी वर्षभराहूनही अधिक दुखत राहतात हे खरं. पण पंधराव्या वर्षीचा ताप सत्तावन्नाव्या वर्षी बोटांत उगवत नाही. आईच्या मनाने एक कारण शोधलं होतं, कारण बाकी कुणी शोधत नव्हतं.

त्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर दोन आकृत्या काढल्या. एका आकृतीत हाडांची टोकं घासून चपटी झालेली, ती आत्याची. दुसरीत टोकं ठीकठाक, पण सांध्याच्या पिशवीचं आतलं अस्तर सुजून जाड झालेलं, कडेकडेने कूर्चेवर चढणारं. ही आईची. शरीराची रोगांशी लढणारी फौज चुकून आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते. अस्तर सुजतं, फुगतं, आणि वाढत वाढत कूर्चा आणि हाड कुरतडू लागतं. दोन्ही बाजूंना सारखं. बोटांच्या मुळाशी आणि मधल्या सांध्यांना, टोकाच्या सांध्यांना बहुधा नाही. टोकाच्या सांध्यांवर कडक गाठी येतात ते दुखणं झिजेचं. रात्रभर हालचाल नसते तेव्हा सूज साचते, म्हणून सकाळी हात लाकडासारखे होतात आणि ते मोकळे व्हायला तासापेक्षा जास्त वेळ लागतो. झिजेच्या दुखण्यात अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात. डॉक्टरांच्या त्या पहिल्या साध्या प्रश्नात एवढं सगळं होतं. पुढे रक्ताच्या तपासण्या झाल्या, क्ष-किरण झाले. पण मला खात्री आहे, सात-दहाच्या बातम्या ऐकल्या तेव्हाच त्यांना उत्तर मिळालं होतं.

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपल्या वैद्यकात त्याच्या जवळचं नाव आमवात. आणि इथे मला आमच्याच अडाणीपणाचं फार दुःख झालं. कारण 'सगळा वातच' असं आपल्या परंपरेने कधी म्हटलेलंच नाही. चरकाने सांध्यातल्या वाताचं वर्णन करताना हात लावला की हवा भरलेल्या चामड्याच्या पखालीसारखा लागणारा सांधा लिहून ठेवलाय. वातरक्त हा त्याच्याकडे वेगळा आजार आहे, हातापायांच्या लहान सांध्यांपासून सुरू होणारा. बऱ्याच अंशी आजचा गाऊट, पायाच्या अंगठ्याला अचानक पेटवणारा. आमच्या मामाला तो आहे. आणि आमवात स्वतंत्र आजार म्हणून पहिल्यांदा मांडला तो माधवनिदान या ग्रंथात, हजाराहून अधिक वर्षांपूर्वी. ज्यांनी पाहिलं त्यांनी वेगवेगळं करून पाहिलं. सगळ्यांची मिळून एक मोट आम्ही बांधली, घरातल्या बायकांची दुखणी एका शब्दात आवरायला सोपी म्हणून.

परतताना गाडीत आई म्हणाली, "झाकली मूठ बरी होती."

मला तेव्हा राग आला. आज वाटतं, ती खरंच तीन वर्षं तेच करत होती. जी मूठ मिटत नव्हती ती झाकत होती. फोनवर मी विचारायचे, हात कसा आहे? "काही नाही गं, ठीक आहे." समोर असली की मान हलवून नाही म्हणायची. मानेचं मला हे नव्याने कळलं की 'हो' म्हणायचा सांधा वेगळा आणि 'नाही' म्हणायचा वेगळा. कवटी आणि पहिला मणका यांच्यामधल्या सांध्यावर मान होकारासाठी खाली-वर होते. पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो तेव्हा नकार येतो. आईच्या आजारात ती खुंटी जागेवर धरून ठेवणारा पट्टा सैल होऊ शकतो, आणि पाठीमागेच मज्जारज्जू असतो, म्हणून डॉक्टरांनी तिच्या मानेचाही फोटो काढून घेतला. तो चांगला निघाला. एवढ्या वेळा नाही म्हणूनही तिचा तो सांधा शाबूत होता.

औषध सुरू झालं ते मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. हे एकदाच मी मुद्दाम लिहितेय, कारण ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी आम्हाला ते तीनदा सांगितलं आणि चिठ्ठीवर वार मोठ्या अक्षरात लिहिला: रविवार. आईने कालनिर्णयच्या प्रत्येक रविवारी लाल पेनाने टिंब दिलं. बाकीच्या दिवसांसाठी फॉलिक ॲसिड, ठरावीक महिन्यांनी यकृताची आणि रक्ताची तपासणी. ही गोळी वेदनाशामक नाही. ती त्या बिथरलेल्या फौजेला आवरते, आणि आवरायला वेळ घेते. पहिले दोन महिने आईला काही फरक पडला नाही. ती म्हणाली, "एरंडाचं पान तरी गरम लागायचं." त्या दोन महिन्यांत तिला धरून ठेवणं हेच माझं काम होतं.

या औषधाच्या जन्मात एक तेलुगू माणूस आहे. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. फॉलिक ॲसिडवरच्या त्यांच्या गटाच्या कामातून ॲमिनोप्टेरिन आणि मग मेथोट्रेक्सेट निघालं. आधी वापर झाला तो लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी. सुब्बाराव १९४८ साली गेले. अगदी लहान मात्रेत हेच औषध सांध्यांवर चालतं हे हळूहळू सिद्ध होत १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. आईच्या लहानपणी तिला हा आजार झाला असता तर तिच्या वाट्याला ॲस्पिरिन आणि वाकडी बोटं आली असती. हे मी तिला सांगितलं. तिने त्या न पाहिलेल्या माणसाचं नाव नीट दोनदा म्हणून पाहिलं.

जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन होतं, त्याची वेगळी परीक्षा २०२० च्या मार्चअखेर झाली. करोनावर ते चालतं अशी हवा उठली आणि आठवड्याभरात दुकानांतून गोळ्या नाहीशा झाल्या. ज्यांना त्या कशासाठी हव्या आहेत हे माहीतही नव्हतं त्यांनी घरात भरून ठेवल्या. बार्शीत बाबा दुकानं फिरत होते, पुण्यात मी. शेवटी कुर्डूवाडीहून एका ओळखीच्या माणसाने दोन पट्ट्या पाठवल्या. पुढे मोठ्या चाचण्यांत करोनाच्या रुग्णांना त्या औषधाचा उपयोग होत नसल्याचं दिसून आलं. पण त्या वसंतात आईने एक दिवसाआड गोळी घेऊन दिवस काढले, मलाही न सांगता. ती सवय तिची पूर्ण गेली नाही.

पुणे-बार्शी वाटेवर भिगवण लागतं. पुणेकरांना ते उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे माहीत. सांधेदुखीच्या अभ्यासात मात्र हे गाव वेगळ्याच कारणाने ओळखलं जातं. १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे दारोदार जाऊन पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांना विचारलं, तुम्हाला काय दुखतं, कुठे दुखतं. आईच्या आजाराचं प्रमाण तिथे हजारात साधारण पाच निघालं. आकडा लहान वाटतो. पण बार्शीसारख्या गावाला तो लावून बघितला की त्यात शेकडो बायका येतात, ज्यांच्या सकाळी कुणी मोजलेल्या नाहीत. दवाखान्यात न गेलेल्या माणसाला त्याच्या उंबऱ्यावर जाऊन विचारणं, याचं मोल मला आईमुळे कळलं.

गेल्या वर्षी डिसेंबरात आम्ही तिथे थांबलो होतो. नाव पाण्यात उभी होती आणि लांबवर गुलाबी रेघ. मुलगी म्हणाली, "आजी, त्यांचे गुडघे उलटे वाकतात." मी तिला सांगितलं, तो गुडघा नव्हे, घोटा. रोहिताचा खरा गुडघा वर, पिसांत दडलेला असतो, आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. आई बराच वेळ दुर्बीण लावून बसली. दुर्बिणीचं चाक फिरवायला तिला तर्जनी आणि अंगठा लागत होता, ते ती सहज करत होती. एका पायावर उभ्या असलेल्या पक्ष्याकडे बघत म्हणाली, "दमत कसा नाही हा?" त्याच्या पायांची ठेवणच अशी असते की एका पायावर उभं राहताना त्याला स्नायूंचा जोर फारसा लावावा लागत नाही, असं अभ्यासकांनी दाखवलंय. आई म्हणाली, "नशीबवान."

तिची तीन वर्षं परत आलेली नाहीत. सांध्याचं हाड एकदा कुरतडलं गेलं की गोळी ते भरून देत नाही, फक्त पुढचं कुरतडणं थांबवते. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं असतं तर बरंच वाचलं असतं, हे डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं होतं. उजवी करंगळी सरळच राहिलीय. मनगट पूर्ण मागे वळत नाही, त्यामुळे भाकरी थापताना ती आता तळव्याच्या कडेने थापते आणि भाकरी एका बाजूला जाड होते. बाबा ती जाड बाजू आधी मोडतात.

या दिवाळीला आम्ही बार्शीत होतो. नरक चतुर्दशीला पहाटे पाचला आईने सगळ्यांना उठवलं. न्हाणीघराबाहेर पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, तेल कोमट केलं. माझी मुलगी पेंगुळलेली पाटावर बसली. आईने तिच्या डोक्यावर तेल घातलं, जिथे टाळू होती बरोबर तिथे, आणि बोटं केसांत घालून चोळायला लागली. आठ बोटं, दोन अंगठे. करंगळी तेवढी केसांच्या बाहेर सरळ उभी. आत रेडिओ अजून कुणी लावला नव्हता.

"आजी," मुलगी डोळे मिटूनच म्हणाली, "अजून जोरात चोळ ना."